ओझरला थारच का दिसते?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)

द्राक्षांचे पैसे यायला लागले की मला एक मेसेज हमखास येतो. "दादा, थार घेऊ का?" पाठवणारा प्रत्येक वेळी वेगळा, प्रश्न तोच. जिम्नी आणि गुरखाचं नाव त्यात शेवटी येतं, लग्नपत्रिकेत लांबच्या पाहुण्यांचं येतं तसं. म्हणून आज म्हटलं, एकदाचं नीट बोलून टाकू. आपल्याकडे लोक थारच का घेतात, आणि तुम्ही घ्यावी का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का.

आधी चित्र डोळ्यासमोर आणा. मुंबई-आग्रा महामार्गावर, दहाव्या मैलापासून पिंपळगाव बसवंतपर्यंत कुठेही चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहा. थार मोजता मोजता हाताची बोटं संपतील. जिम्नी एखादी दिसेल. गुरखा दिसली तर शेजारचं पोरगं फोन काढून फोटो घेईल.

आता गंमत काय आहे, तुम्ही फक्त कागद बघितला, म्हणजे चिखल, दगड, चढ यासाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी केली, तर थार पहिली येईलच असं नाही. गुरखाला पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलला ड्रायव्हरने हाताने लावायचे डिफरन्शियल लॉक येतात. हे लॉक म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला समजवायची गरज नाही. ट्रॅक्टरवर टाचेजवळ जे पेडल असतं, एक चाक जागेवर फिरायला लागलं की आपण दाबतो, तेच. दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. गुरखात ही सोय पुढच्या चाकांनाही आहे. शिवाय हवा घ्यायचा स्नॉर्केल कंपनीतूनच लावून येतो आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता कंपनी सांगते. थारची ६५० आहे. थारला मागे लॉक आहे, वरच्या मॉडेलमध्ये, आणि तो चाक घसरायला लागलं की आपोआप लागतो. पुढे लॉक नाही.

जिम्नीचं तर अजून वेगळं. वजन जेमतेम १,२०० किलो. पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, लो रेंज गिअर, सगळं अस्सल. थारला पुढे सलग अ‍ॅक्सल नाही, २०२० च्या मॉडेलला पुढची दोन चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. दगडधोंड्यात चाक वर-खाली जायला सलग अ‍ॅक्सल बरा, असं ऑफ-रोडवाले सांगतात आणि ते खरं आहे. पाच दारांची जिम्नी गुरुग्रामला बनते. तीच गाडी २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये 'नोमेड' नावाने गेली, तर चार-पाच दिवसांत ५०,००० च्या आसपास ऑर्डर आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. गुरखाला २०२५ मध्येच आपल्या लष्कराची आणि हवाई दलाची मिळून २,९७८ गाड्यांची ऑर्डर मिळाली. म्हणजे जपानी माणसाला एक पसंत, फौजेला दुसरी पसंत. आणि ओझरला तिसरी.

असं का?

पॉवर, असं बहुतेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आकडे बघा. थारचं २.२ लिटर डिझेल इंजिन १३० हॉर्सपॉवर आणि ३०० न्यूटन मीटर टॉर्क देतं. जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल १०५ हॉर्सपॉवरच्या घरात आहे, म्हणजे फार मागे नाही. पण टॉर्क १३४, आणि तोही ४,००० आरपीएमला. थारचा टॉर्क १,६०० च्या आसपासच पूर्ण हाती येतो. फरक कुठे कळतो? बागेच्या बांधावरून ओल्या रस्त्याने चढ घेताना. जिम्नीला रेस द्यावी लागते, इंजिन ओरडतं, आणि ओल्या काळ्या मातीत रेस दिली की चाक जागेवर फिरून स्वतःसाठी खड्डा खणतं. थार हळू, जवळजवळ न बोलता चढते. ज्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलाय त्यांना ही चाल ओळखीची वाटते. कमी आरपीएमला ओढणारं डिझेल, ही आपली सवय आहे. आणि ट्रॅक्टरसाठी डिझेल घरात असतंच, हेही विसरू नका. जिम्नीत डिझेल मिळतच नाही. माझ्या मते आपल्या भागात जिम्नीचा अर्धा निकाल इथेच लागला.

गुरखाकडे मात्र टॉर्क होता. २०२१ च्या गुरखाला २५० न्यूटन मीटर, पण हॉर्सपॉवर ९१. शेतात चालेल, पण ओझर कुठे वसलंय? हायवेवर. आपली गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर चालते. नाशिकला जा, पिंपळगावच्या मार्केटला जा, चांदवडच्या घाटातून मालेगावकडे जा. तिथे ९१ हॉर्सपॉवरची जड गाडी कंटेनरला ओव्हरटेक करताना घाम काढते. २०२४ मध्ये फोर्सने ते दुरुस्त केलं, १४० हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन मीटर. म्हणजे आज गुरखा आकड्यात थारच्या डिझेलपेक्षा पुढे आहे! तरी ओझरला दिसत नाही. म्हणून मी म्हटलं, पॉवर हे अर्धंच उत्तर.

उरलेलं अर्धं मला आमच्या मामांनी सांगितलं. मामा एचएएलमधून निवृत्त झालेत. ओझरबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्या गावाला लागून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, १९६४ पासूनचा. आधी मिग बनायची, नंतर सुखोई-३०. आणि नुसती बनत नाहीत, सुखोईचं मोठं ओव्हरहॉलही इथेच होतं. विमान पूर्ण उघडायचं, तपासायचं, परत जोडायचं. त्यामुळे गावात यंत्राविषयी बोलायची एक वेगळी पद्धत आहे. दर चार घरांत एक फिटर, टर्नर नाहीतर वेल्डर.

मी मामांसमोर मोबाइलवर गुरखाची माहिती वाचत होतो. डबल लॉक, स्नॉर्केल, सगळं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "क्लचप्लेट गेली तर कुठं मिळंल?"

बघा, यात सगळं आलं. मामांचं म्हणणं असं की विमान किती वेगात जातं हे पाहुण्यांना सांगायचं असतं. हँगरमध्ये विचारतात ते वेगळंच, आज सकाळी किती विमानं उडायला तयार आहेत. पार्ट नाही म्हणून उभं राहिलेलं विमान कितीही भारी असलं तरी ते उभंच आहे.

आता थारकडे या नजरेने बघा. थार बनते नाशिकला, महिंद्राच्या कारखान्यात. आपल्यापासून तासाभराच्या आत. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत तिचे छोटे-मोठे भाग बनवणारी वर्कशॉप आहेत. ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडची पोरं आयटीआय करून तिथेच लागतात. आपल्या भावकीत एक तरी जण असा निघतो ज्याने या कंपनीच्या लाइनवर नाहीतर तिच्या सप्लायरकडे काम केलंय. स्कॉर्पिओ २००२ साली आली तीही नाशिकचीच. थारचं डिझेल इंजिन ज्या घराण्यातलं आहे त्याच घराण्याची इंजिनं स्कॉर्पिओत धावलीत. त्यामुळे शोरूमचा मेकॅनिक सोडा, हायवेवरच्या गॅरेजवाल्यालाही ती अनोळखी नाही. रात्री अकराला माल रवाना करून येताना गाडी बंद पडली, तर फोन कोणाला लावायचा हे माहीत असणं, हे फीचर ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

अजून थोडं मागे जाऊ. आपल्याकडे 'जीप' हा शब्द कंपनीचा राहिलाच नाही. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकन विलीज जीप इथे जोडून विकायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं तोच साचा थोडाफार बदलत चालू ठेवला. सरकारी साहेब जीपमधून यायचे, निवडणुकीचा भोंगा जीपवर, नवरदेव जीपमधून. २०१० साली पहिली थार आली ती सरळ त्याच वंशातली. मागे आडव्या समोरासमोरच्या सीट, ताडपत्री, पत्र्याचा आवाज. खरं सांगायचं तर रोज वापरायला ती त्रासदायक गाडी होती. २०२० मध्ये जी आली ती त्रास कमी करून आली. १५ ऑगस्टला दाखवली, २ ऑक्टोबरला विक्रीला काढली. आणि २ ऑक्टोबर हा महिंद्रा कंपनीचा स्थापना दिवस, १९४५ चा. त्याच नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार मिळाले. ताडपत्रीच्या जीपला घरातून 'नको' म्हणणाऱ्या आयांचं तोंड या चार स्टारनी बंद केलं, असं माझं निरीक्षण आहे.

या जुन्या चेहऱ्याची किंमत किती आहे याचा एक किस्सा सांगतो, कारण तो फार कमी जणांना माहीत असतो. थारच्याच भावाला महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत नेलं. नाव 'रॉक्सर'. मिशिगनमध्ये जोडायचे. रस्त्यावरची कार म्हणून नव्हे, तर शेतात-रानात चालवायचं वाहन म्हणून विकायचे, तिकडे लोक चार चाकी एटीव्ही घेऊन रानात फिरतात ना, त्या बाजारात. फियाट क्रायस्लर, म्हणजे जीप ब्रँडचे मालक, लगेच कोर्टकज्ज्यात गेले, की हा चेहरा आमचा आहे. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सरवर बंदीचा आदेश दिला. महिंद्राने पुढचा भाग बदलला, आणि डिसेंबरमध्ये नव्या चेहऱ्याची गाडी चालेल असा निर्णय आला. एका बॉनेटसाठी एवढं भांडण. आपण इथे ज्याला 'लुक' म्हणतो त्याला तिकडे वकील लागतात.

गुरखाही काही परकी नाही बरं का. ती पुण्याच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची. ट्रॅक्सच्या घराण्यातली. पण ट्रॅक्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? काळी-पिवळी. चौदा माणसं, टपावर पिशव्या आणि दाराला लटकलेला किन्नर. अन्याय आहे हा. पण आठवणीचं असंच असतं, जीपमधून साहेब आला आणि ट्रॅक्समधून आपण आलो.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही घ्यावी का? इथे जरा कान देऊन ऐका, कारण इथे पैसे आहेत.

पहिली गोष्ट, थार म्हणजे फोर बाय फोर असं समजू नका. जानेवारी २०२३ पासून मागच्या दोनच चाकांना ताकद जाणारी थार मिळते, १.५ लिटर डिझेलमध्ये. दिसायला तीच. आपल्याकडे नवीन दिसणाऱ्या कितीतरी थार या टू व्हील ड्राइव्ह असतात. ती निघाली का? करामुळे. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीच्या आत असेल तर सरकार तिला छोटी गाडी मानतं. थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, हे इंजिन १,४९७ सीसी. बरोबर रेषेच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि मोठ्या इंजिनवालीला ४०. किमतीतला फरक इथून येतो. ती गाडी वाईट नाही. फक्त तुमच्या शिवार रस्त्यावर जुलैमध्ये ती कुठल्याही साध्या गाडीसारखीच रुतेल आणि तिला काढायला ट्रॅक्टरच आणावा लागेल. थारला ट्रॅक्टरने ओढतानाचा व्हिडिओ किती वेगाने फिरतो, हे मी सांगायला नको.

आणि फोर बाय फोर घेतली तरी चिखलाचा पहिला मालक टायर असतो. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांमध्ये बसते. खाच भरली की टायर गुळगुळीत. मग इंजिन १३० चं असो नाहीतर १५० चं, फिरतं फक्त चाक. अशा वेळी हवा थोडी कमी करा, लो रेंजमध्ये दुसऱ्या गिअरला टाका, रेस कमी ठेवा, मध्येच थांबू नका. डांबरावर आलात की हवा परत भरा. आणि हो, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका. थार असो, जिम्नी असो, गुरखा असो, या तिघींत पुढच्या आणि मागच्या चाकांमधला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या पोटात साठतो. पोरं हायवेवर 'ग्रिप येते' म्हणून लावून ठेवतात. ग्रिप येत नाही, खर्च येतो.

दुसरी गोष्ट, शेतातलं काम. खरं बोलू? द्राक्षबागेच्या दोन ओळींमध्ये थार जात नाही. तिथे छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागचा ब्लोअर जातो. क्रेट पिकअपमधून जातात. तीन दारांच्या थारची मागची सीट उभी असेल तर डिकीत औषधाचे चार बॉक्स ठेवायचीही पंचाईत. आजीला मागे चढवायचं तर पुढची सीट सरकवून हाताला धरून चढवावं लागतं. वणीच्या गडावर आठ जणांना न्यायचं तर बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओच काढावी लागते. ही अडचण कंपनीलाही कळली म्हणून १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली. त्या ऑक्टोबरात बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात १,७६,२१८ बुकिंग झाली. म्हणजे लोक दारांचीच वाट बघत होते! पण तिची लांबी ४ मीटरच्या पुढे, तिला मोठ्या गाडीचा कर.

तिसरी गोष्ट हप्ता. मी एक उदाहरण करून ठेवलंय. १२ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याला साधारण १९,३०० रुपये. सात वर्षांत मिळून १६ लाख २० हजारांच्या वर. आता आपलं पीक बघा. ऑक्टोबरात छाटणी, जानेवारी ते एप्रिल माल, पैसे वर्षातून एकदा. हप्ता बारा वेळा. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता बांधून मिळतो, कारण बँकेला माहीत असतं शेतकऱ्याकडे पैसा कधी येतो. कारच्या कर्जाला सहसा तसं नसतं. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारा पडल्या तेव्हा एका संध्याकाळीत बागांचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. २०२५ ला मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस हटला नाही आणि काड्यांमध्ये घडच कमी आले. हप्त्याची तारीख गारा बघून पुढे जात नाही.

म्हणून थार नकोच, असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याची बाग बाणगंगेच्या पलीकडे, शेवटचा दीड किलोमीटर कच्चा. पावसाळ्यात फवारणी चुकली की डाऊनी आलाच. तो रात्री-अपरात्री मजूर, औषध आणि स्वतःला घेऊन थारने पोहोचतो. त्याने डिझेल फोर बाय फोर घेतली, सेकंडहँड, वर टायर चांगले टाकले. त्याचा हिशेब मला पटतो. याउलट ज्याचं घर डांबरावर, शेत डांबरावर आणि गाडी फक्त हळदीला नाचवायची आहे, त्याने निदान स्वतःशी तरी म्हणावं की मी चेहरा विकत घेतोय. चेहऱ्यालाही किंमत असते. आपल्याकडे थार विकायला काढली तर गिऱ्हाईक गावातच मिळतं, हा त्या चेहऱ्याचाच फायदा. फक्त त्यासाठी बागेचं एक वर्ष पणाला लावू नका.

आणि ज्याला खरंच दर रविवारी पेठ-सुरगाण्याकडचे ओढे तुडवायचेत, पुस्तक उघडून स्वतः स्पॅनर चालवायचाय, त्याने लोक काय म्हणतात ते सोडावं आणि गुरखा चालवून बघावी. पार्ट मागवून घरी दोन ठेवायचे. मामांचा प्रश्न तेवढ्यात मिटतो.

शोरूमला जाल तेव्हा एक करा. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. एखाद्या खडबडीत, चढाच्या रस्त्याने न्यायची परवानगी मागा, आणि सोबत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस मागच्या सीटवर बसवा. उतरल्यावर कंबरेबद्दल त्यांना विचारा, सेल्समनला नको. फोर बाय फोरचा लिव्हर त्याच्यासमोर स्वतः टाकून बघा. कितीतरी जणांनी गाडी घेतल्यावर तो लिव्हर एकदाही हलवलेला नसतो.

एवढंच आज. कोणाकडे तीन वर्षांच्या वर वापरलेली जिम्नी किंवा गुरखा असेल, आपल्या नाशिक जिल्ह्यातली, तर आवाजी मेसेज पाठवा. पार्ट किती दिवसांत मिळाला आणि किती पैसे गेले, एवढंच सांगा. पुढच्या भागात ते ऐकवतो. चला, भेटू.